मृत्युपत्राआधी सातबारा काढा : नाशिककरांसाठी वारसा-नियोजनाची सविस्तर वाट

गंगापूर रोडवरचा एक फ्लॅट घेऊ. खरेदीखतावर नाव एकट्या नवऱ्याचं. घरात बायको, आठवीतला मुलगा, पाचवीतली मुलगी. आई गावी, निफाडला धाकट्या भावाकडे. मृत्युपत्र नाही. हा माणूस अचानक गेला, तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे फ्लॅटचे चार सारखे हिस्से होतात : बायको, मुलगा, मुलगी आणि आई. बायकोला वाटतं घर आपलंच आहे, कागदावर मात्र तिचा पाव हिस्सा. दोन पाव हिस्से अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांचे, म्हणजे घर विकायचं किंवा गहाण ठेवायचं तर न्यायालयाची परवानगी काढायची. राहिलेला पाव सासूबाईंचा. पुढे त्याही मृत्युपत्र न करता गेल्या, की तो पाव त्यांच्या सगळ्या मुलामुलींत आणि गेलेल्या मुलाच्या मुलांत वाटला जातो. दीर आणि नणंदा फ्लॅटच्या मालकीत आल्या. यात कुणी कुणाशी भांडलेलं नाही, कुणाची नियत वाईट नाही. कायद्याने फक्त आपलं गणित केलं.

दोन पानांच्या मृत्युपत्राने हे सगळं टळतं. म्हणून ‘आमच्यात वाद नाहीत, आम्हाला कशाला मृत्युपत्र’ हे म्हणणं मला पटत नाही. आणि ‘अजून वय कुठे झालंय’ हे तर मुळीच नाही. लहान मुलं असलेल्या पस्तिशीतल्या जोडप्याला मृत्युपत्राची गरज सत्तरीतल्या आजोबांपेक्षा जास्त आहे.

पण लिहायला बसण्याआधी एक काम आहे आणि बहुतेक मृत्युपत्रं तिथेच फसतात. जे आपलं आहे तेवढंच आपल्याला देता येतं. नाशिक जिल्ह्यात ‘आपलं’ म्हणून सांगितलेल्या मालमत्तेतली बरीचशी कागदावर अजून आजोबांच्या, काकांच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर असते. म्हणून सुरुवात सातबाऱ्यापासून.

पहिलं काम : नेमकं काय आपलं, ते कागदावर पाहा

शेती असेल तर प्रत्येक गटाचा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणि गावचा ८अ, म्हणजे त्या गावातल्या तुमच्या सगळ्या जमिनीचा खाते उतारा, काढा. महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळतात, सेतू केंद्रातूनही मिळतात. नावाआधी क्षेत्र पाहा, मग ‘इतर हक्क’ हा रकाना पाहा. बँकेचा किंवा विकास सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, बहिणींची नावं, विहिरीतला हिस्सा या नोंदी तिथे सापडतात. त्यानंतर ज्या फेरफाराने, म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलाच्या नोंदीने, तुमचं नाव लागलं, तो जुना फेरफार काढून वाचा. जमीन खरेदीने आली, वारसाने आली की वाटपाने आली, हे तिथेच कळतं आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

जुन्या सातबाऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरं असतात. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून त्यांचं नाव लागलेलं असतं, जमीन त्यांच्या एकट्याची नसते. अशा भावाने ‘माझी सर्व जमीन माझ्या मुलाला’ असं मृत्युपत्र केलं तरी बाकीच्या भावंडांचे हिस्से त्यातून जात नाहीत. आधी सगळ्यांची नावं लावून घ्या.

मयत आजोबांचंच नाव अजून चालू असेल तर वारस नोंद करून घ्या. राज्य सरकारने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवली ती याचसाठी. अर्ज ई-हक्क प्रणालीतून करता येतो. तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, मृत्यू दाखला, वारसांच्या नावांचं प्रतिज्ञापत्र आणि रहिवासाचे पुरावे द्यावे लागतात. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. वारसांच्या यादीत बहिणींची आणि आत्यांची नावं गाळू नका. आज फेरफार पटकन मंजूर होईल, पण ती गाळलेली नावं पंधरा वर्षांनी जमीन विकताना किंवा भूसंपादनाचा मोबदला घेताना समोर उभी राहतात, तेव्हा तुमच्या मुलांना उत्तरं द्यावी लागतात. बहिणीला हिस्सा नको असेल तर ती राजीखुशीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देईल. तो तिचा निर्णय आहे.

वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित यातला फरकही इथेच लागतो. स्वतःच्या कमाईतून घेतलेलं घर किंवा शेत तुम्ही कुणालाही देऊ शकता. मुलांचा त्यावर तुमच्या हयातीत हक्क नसतो. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मात्र मुलगा आणि मुलगी दोघांना जन्मतः हक्क आहे. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं की २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही. अशा मिळकतीतला फक्त तुमचा स्वतःचा अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देता येतो. वाटप झालेलं नसताना ‘पूर्वेकडचा दीड एकर थोरल्याला’ असं लिहिलंत तर ते टिकवणं अवघड. आधी वाटप करा, मोजणी करून घ्या, मग लिहा.

शहरातल्या घरांची तऱ्हा वेगळी. फ्लॅट असेल तर नोंदणीकृत करारनामा किंवा खरेदीखत, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी सारांश) आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट एकत्र करा. बंगला किंवा रो हाऊस असेल तर सिटी सर्व्हेकडून मिळकत पत्रिका किंवा बिनशेती सातबारा. घरपट्टी आणि वीजबिल तुमच्या नावावर आहे म्हणजे घर तुमच्या नावावर आहे, असं होत नाही. सिडकोतल्या घरांत तर हे फार तपासून पाहावं लागतं. मूळ लाभधारकाकडून मुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ अटर्नीवर) घर घेतलं आणि वीस-पंचवीस वर्षं सुखाने राहिले, अशी कुटुंबं तिथे कमी नाहीत. मुखत्यारपत्र आणि साध्या करारावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलेलं आहे. शिवाय मुखत्यारपत्र देणारा वारला की ते सहसा संपतं. मूळ मालक किंवा त्याचे वारस भेटताहेत तोवर रीतसर कागद करून घ्या. सातपूर-अंबडला एमआयडीसीचा प्लॉट असेल तर तो भाडेपट्ट्याचा आहे. मृत्युपत्रात भाडेपट्ट्याचा हक्क म्हणून लिहायचा आणि वारसाला पुढे एमआयडीसीकडून हस्तांतर करून घ्यावं लागेल.

जुन्या नाशकात वाड्यात भाड्याने राहणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. भाडेकरूचा हक्क मृत्युपत्राने मनात येईल त्याला देता येत नाही. भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे भाडेकरू वारला तेव्हा त्याच्यासोबत तिथे राहणाऱ्या कुटुंबीयाकडे तो हक्क जातो. पुण्यात राहणाऱ्या मुलाच्या नावाने वाड्यातल्या दोन खोल्या लिहून ठेवल्या तर त्याचा उपयोग होणार नाही.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

बँकेत, पतसंस्थेत, सोसायटीत, डीमॅट खात्यात नॉमिनी लावला की काम झालं, हा समज फार घट्ट बसलेला आहे. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात ज्याला दिले त्याची असते. शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनी मालक होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये दिला. फ्लॅटच्या सोसायटीतही तसंच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनीला तात्पुरतं सभासदत्व मिळतं. कायमचं नाव मृत्युपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र, वारस प्रमाणपत्र किंवा कौटुंबिक व्यवस्थेचा कागद पाहूनच लागतं.

आयुर्विम्याचा नियम थोडा निराळा. आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर २०१५ च्या दुरुस्तीप्रमाणे ती माणसं लाभधारक ठरतात. भविष्यनिर्वाह निधीचं नामनिर्देशन लग्नाआधी केलेलं असेल तर लग्नानंतर नव्याने भरावं लागतं. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, ओझरच्या एचएएलमध्ये किंवा सातपूरच्या कारखान्यात नोकरी केलेल्यांनी आपला नामनिर्देशनाचा फॉर्म एकदा मागवून पाहावा. नोकरीला लागताना भरलेल्या फॉर्मवर आज हयात नसलेल्या वडिलांचं नाव असू शकतं.

तरीही नॉमिनी लावाच. त्याने पैसे अडकत नाहीत. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, टक्केवारी ठरवून किंवा एकामागून एक अशा क्रमाने. लॉकरला फक्त क्रमाने. माझा सल्ला असा की नॉमिनीचं नाव आणि मृत्युपत्रातलं नाव शक्यतो एकच ठेवा. दोन कागद दोन दिशांना तोंड करून असले की घरातली साधी माणसं गोंधळतात आणि गोंधळातून संशय येतो.

कुणाला काय : इथे घाई नको

खरा विचार इथे आहे, त्यासाठी वेळ द्या. नवरा-बायको दोघांनी बसून बोला. दोघांनी आपापलं मृत्युपत्र करावं, कारण दोघांची मालमत्ता कायद्याच्या नजरेत वेगळी आहे.

बायकांनी मृत्युपत्र करणं किती गरजेचं आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं. मूलबाळ नसलेली विधवा स्त्री मृत्युपत्र न करता गेली, तर तिच्या स्वतःच्या पगारातून घेतलेलं घरसुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं आणि ते नसतील तरच तिच्या आई-वडिलांकडे. आई-वडिलांकडून वारसाने आलेली मालमत्ता वडिलांच्या वारसांकडे परत जाते, एवढाच अपवाद. जिने आईला शेवटपर्यंत सांभाळलं, तिच्या पाठीमागे आईलाच काही मिळत नाही, असं घडू शकतं. शिक्षिका, परिचारिका, प्रेसमधल्या कर्मचारी, ज्या कुणी स्वतःच्या नावावर काही केलं आहे त्यांनी हे वाचून थांबू नये.

बायकोच्या हक्काचं वाक्य नीट लिहा. ‘पत्नीने हयातभर राहावे, विकू नये, तिच्यानंतर मुलाला मिळावे’ असं लिहिण्याची आपल्याकडे रीत आहे. पण हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ मुळे, पोटगीच्या हक्कापोटी दिलेली अशी मर्यादित मालकी पूर्ण मालकी ठरू शकते आणि यावर वर्षानुवर्षं दावे चालतात. माझं स्पष्ट मत आहे की घर बायकोला पूर्ण मालकीने द्यावं. संसार तिने उभा केलेला असतो आणि म्हातारपणी डोक्यावर छप्पर आहे एवढ्याने भागत नाही, ते गरज पडली तर विकण्याचा अधिकारही हवा. ते करायचं नसेल तर हयातीच्या हक्काचा मजकूर दिवाणी काम करणाऱ्या वकिलाकडूनच लिहून घ्या.

द्राक्षबाग आणि कांद्याचं शेत वाटताना फक्त एकर मोजू नका. दिंडोरी-निफाडकडे जमिनीची किंमत पाण्यात आहे. विहीर एका गटात, बाग दुसऱ्या गटात, पाइपलाइन तिसऱ्यातून आलेली. दोन मुलांना दोन गट दिले आणि विहिरीचं काही लिहिलं नाही, तर पहिल्याच उन्हाळ्यात पाण्याच्या पाळीवरून बोलणं बंद होतं. म्हणून मृत्युपत्रात लिहा : विहिरीत कुणाचा किती हिस्सा, वीजपंपाचं कनेक्शन कुणाच्या नावावर राहील, दुरुस्तीचा खर्च कसा वाटायचा, पाळी किती दिवसांची, पाइपलाइन ज्या बांधावरून जाते तिथून नेण्याचा हक्क, शेततळं कुणाचं आणि त्यातून दुसऱ्याला पाणी मिळणार का. ट्रॅक्टर आणि फवारणीचं ब्लोअर यंत्र यांचंही लिहा. मागच्या गटाला जायचा रस्ता किती फुटी आणि कोणत्या बाजूने, तेही. ज्याच्या वाट्याला मांडव आणि चालू बाग येते आणि ज्याच्या वाट्याला पडीक, त्यांच्यातला फरक रोख रकमेने किंवा दुसऱ्या मिळकतीने भरून काढा. क्षेत्र लहान असेल तर तुकडेबंदी कायदाही आडवा येतो. प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या किमान क्षेत्रापेक्षा, लहान तुकडे करून लिहू नका, सामाईक हिस्से द्या.

शेतजमीन बिगरशेतकरी माणसाला मृत्युपत्राने द्यायचा विचार असेल तर थांबा. कूळकायद्याच्या कलम ६३ मध्ये बिगरशेतकऱ्याकडे हस्तांतराला बंदी आहे. गुजरातमध्ये लागू असलेल्या याच कायद्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की ही बंदी मृत्युपत्रालाही लागू होते. पेठ, सुरगाणा, कळवण भागातल्या आदिवासी खातेदारांच्या जमिनी आणि भोगवटादार वर्ग २ च्या, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या, जमिनी यांवर आणखी निर्बंध आहेत. तिथे तहसील कार्यालयात विचारल्याशिवाय काही लिहू नये.

‘आत्ताच मुलाच्या नावावर करून टाकतो, म्हणजे नंतर कटकट नको’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. राहतं घर आणि शेतजमीन नवरा-बायको, मुलं, नातवंडं यांना बक्षीसपत्राने द्यायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार आणि नोंदणी खर्च वेगळा, म्हणून मोह होतो. पण बक्षीसपत्र सही झाल्या दिवसापासून लागू होतं आणि परत घेता येत नाही. मृत्युपत्र शेवटच्या श्वासापर्यंत बदलता येतं. राहतं घर हयातीत देऊ नका, असं मी प्रत्येक ज्येष्ठाला हात जोडून सांगेन. द्यायचंच असेल तर ‘आमचा सांभाळ, औषधपाणी आणि राहण्याची सोय करण्याच्या अटीवर’ हे शब्द बक्षीसपत्रात आलेच पाहिजेत. मग ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ खाली अट मोडल्यास प्रांत अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे ते रद्द करून मागता येतं. अट लिहिलेली नसली की हा मार्ग फार अवघड होतो.

आता लिहा

साधा कागद चालतो. स्टॅम्प पेपर लागत नाही. हाताने लिहिलं किंवा टाइप केलं, दोन्ही चालतं. मराठीत लिहा, कारण ज्याची सही आहे त्याला प्रत्येक ओळ वाचता आली पाहिजे. अंगठा करणारी व्यक्ती असेल तर ‘मजकूर वाचून दाखवला, समजला, मान्य आहे’ हे वाक्य घाला.

सुरुवात साधारण अशी :

‘मी, ______, वय ___ वर्षे, राहणार ______, नाशिक, हे माझे शेवटचे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीने लिहून ठेवत आहे. यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे व पुरवणीपत्रे या मृत्युपत्राने रद्द करतो.’

यानंतर कुटुंबाची यादी, पूर्ण नावं आणि नात्यासह. मालमत्तेचं वर्णन खरेदीखतात किंवा सातबाऱ्यात आहे तसंच उतरवा : गाव, तालुका, गट क्रमांक, क्षेत्र, आकार (शेतसारा), चतुःसीमा, फ्लॅटचा क्रमांक, इमारत, सर्व्हे नंबर, चटई क्षेत्र. बँकेच्या ठेवींचे आकडे लिहू नका, ते बदलतात. बँक, शाखा आणि ‘मृत्यूसमयी शिल्लक असलेली सर्व रक्कम’ एवढं पुरेसं. दागिने मात्र एकेक लिहा. आईच्या पाटल्या कुणाला, यावरून दोन बहिणींचं बोलणं बंद झालेलं आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

तीन कलमं लोक हमखास विसरतात. एक, ज्याला दिलं तो आपल्याआधी वारला तर कुणाला मिळावं. दुसरं, ‘वर उल्लेख न झालेली व यापुढे मी मिळवलेली सर्व मालमत्ता ______ यांना मिळावी’. हे वाक्य नसेल तर विसरलेली प्रत्येक गोष्ट पुन्हा कायद्याच्या वाटणीत जाते. तिसरं, अज्ञान मुलांचा पालक कोण आणि त्यांचा पैसा कोण सांभाळेल.

मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा व्यवस्थापक नेमा. तो घरातला असला तरी चालतो, फक्त हिशेबाला पक्का आणि सगळ्यांना धरून चालणारा हवा. एखाद्या मुलाला किंवा मुलीला कमी द्यायचं असेल, काहीच द्यायचं नसेल, तर त्याचं नाव टाळू नका. नाव घेऊन दोन ओळींत कारण द्या : शिक्षणाला, घर घ्यायला किंवा लग्नाला आधी मदत केली आहे, वगैरे. विनाकारण वगळलेलं नाव न्यायालयाला संशयास्पद वाटतं. रागाची भाषा मात्र नको. हे वाक्य वाचणारं माणूस तेव्हा दुःखात असेल.

मुस्लिम कुटुंबांचे नियम वेगळे आहेत. साधारणपणे एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने देता येत नाही. ख्रिस्ती आणि पारशी व्यक्तीने मृत्युपत्र केल्यानंतर लग्न केलं तर आधीचं मृत्युपत्र रद्द होतं, नवं करावं लागतं.

सही आणि साक्षीदार

भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ चं कलम ६३ एवढंच मागतं : लिहून ठेवणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या. साक्षीदारांनी त्याला सही करताना पाहिलेलं असावं किंवा ‘ही माझीच सही’ असं त्याने त्यांना सांगितलेलं असावं आणि त्यांनी त्याच्यासमोर सह्या कराव्यात. व्यवहारात तिघं एकाच टेबलाशी बसा, एकाच पेनाने, एकाच वेळी सह्या करा. प्रत्येक पानावर सही, खाडाखोड असेल तिथेही सही, शेवटी तारीख आणि ठिकाण. साक्षीदाराला मजकूर वाचून दाखवायची गरज नाही. मोबाइलवर बोलून ठेवलेली चित्रफीत मृत्युपत्र होत नाही आणि डिजिटल सहीही चालत नाही.

साक्षीदार निवडताना वय पाहा. पंचाहत्तरीच्या माणसाने आपल्याच वयाचे दोन मित्र बोलावले, तर गरज पडेल तेव्हा दोघंही नसतील. आणि गरज पडतेच, कारण वाद झाला तर किमान एका साक्षीदाराला न्यायालयात यावं लागतं. आपल्यापेक्षा लहान, नाशकातच राहणारी, सहज सापडतील अशी माणसं घ्या. ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्यांना आणि त्यांच्या नवऱ्या-बायकोला साक्षीदार करू नका.

लिहून ठेवणाऱ्याचं वय जास्त असेल किंवा नुकतं आजारपण झालं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांचं प्रमाणपत्र घ्या : व्यक्ती शुद्धीत आहे, प्रश्न समजून उत्तरं देते. डॉक्टरच एक साक्षीदार झाले तर उत्तम. आणि ज्या मुलाला जास्त मिळणार आहे त्याने वकील ठरवणं, मजकूर टाइप करून आणणं, बाबांना गाडीत घालून नेणं यातलं काहीही करू नये. त्याचा हेतू कितीही चांगला असला तरी. लाभ घेणाऱ्याने मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला की न्यायालय त्याच्याकडूनच जास्त खुलासा मागतं.

नोंदणी करावी का

सक्ती नाही. साध्या कागदावरचं, दोन साक्षीदारांचं मृत्युपत्रही पूर्ण कायदेशीर आहे. तरीही करा, कारण मुद्रांक शुल्क शून्य आहे, नोंदणी फी नाममात्र आहे आणि कागद हरवण्याची किंवा ‘हे खोटं आहे’ असं सहज म्हणण्याची वाट बरीचशी बंद होते. शहरातल्या सह दुय्यम निबंधक कार्यालयात किंवा तालुक्याच्या दुय्यम निबंधकाकडे जा. आधार, पॅन आणि दोन्ही साक्षीदार ओळखपत्रांसह सोबत न्या. तिथे फोटो आणि अंगठ्याचे ठसे घेतात. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीसाठी निबंधक घरी येऊ शकतात, तसा अर्ज करावा लागतो. इतर दस्तांसारखा मृत्युपत्राचा शोध कुणालाही घेता येत नाही. हयातीत त्याची नक्कल फक्त करणाऱ्यालाच मिळते. मजकूर कुणालाच कळू द्यायचा नसेल तर बंद लखोट्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याचीही सोय नोंदणी कायद्यात आहे.

नोंदणी केली म्हणजे दगडावरची रेघ झाली, असं मात्र नाही. शेवटचं मृत्युपत्र खरं ठरतं. आधीचं नोंदणीकृत आणि नंतरचं साध्या कागदावरचं असेल आणि नंतरचं सिद्ध झालं, तर नंतरचंच चालतं. म्हणून बदल करायचा असेल तर पुरवणीवर पुरवणी जोडण्यापेक्षा नवं करा आणि तेही नोंदवा. मुलाचं लग्न, नातवंड, घटस्फोट, नवी खरेदी किंवा ज्याचं नाव आहे त्याचा मृत्यू, अशा प्रत्येक वेळी काढून वाचा.

मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये एकट्याच्या नावावर ठेवू नका, कारण लॉकर उघडायला पुन्हा कागद लागतात. व्यवस्थापकाला आणि आणखी एका माणसाला जागा माहीत असावी. सोबत एक वही ठेवा : बँक खाती, पतसंस्थेच्या ठेवी, पॉलिसी, डीमॅट, म्युच्युअल फंड, कर्जं, उसनवारी, कुणाकडून येणं. या वहीला कायद्यात स्थान नसलं तरी मृत्यूनंतरच्या पहिल्या महिन्यात तिचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो.

माणूस गेल्यावर, कोणत्या क्रमाने

मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. दवाखान्यात मृत्यू झाला तर दवाखाना कळवतो, घरी झाला तर कुटुंबाने कळवायचं. महापालिकेच्या आपल्या भागाच्या विभागीय कार्यालयातून किंवा ग्रामपंचायतीतून दाखल्याच्या सात-आठ प्रती घ्या. नावाचं स्पेलिंग, वडिलांचं नाव, पत्ता आधारप्रमाणे आहे का ते तिथल्या तिथे तपासा. एका अक्षराच्या चुकीमुळे बँक अर्ज परत पाठवते.

मयताचं एटीएम कार्ड किंवा यूपीआय वापरून पैसे काढू नका, दहाव्याच्या खर्चासाठीसुद्धा. दुसऱ्या वारसाने हिशेब मागितला तर उत्तर देणं जड जातं. बँकेला कळवा, नॉमिनीचा दावा भरा. कुठे खाती होती ते माहीत नसेल, तर दहा वर्षं पडून राहिलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर शोधता येतात.

नाशिकच्या मालमत्तेसाठी मृत्युपत्राचं प्रोबेट, म्हणजे ते खरं असल्याचं न्यायालयाचं प्रमाणपत्र, काढणं सक्तीचं नाही. वारसांत एकमत असेल तर मृत्युपत्र, मृत्यू दाखला आणि बाकी वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र यावर सोसायटी, सिटी सर्व्हे आणि तलाठी कार्यालय बहुतेक वेळा काम करतात. शेतीसाठी मृत्युपत्राची प्रत जोडून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्या. वारसांना नोटिसा जातात, हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. हरकत आली तर तक्रार नोंद होऊन सुनावणी लागते आणि त्या निर्णयावर प्रांतांकडे अपील करता येतं. पण मालकीचा खरा निवाडा दिवाणी न्यायालयच करतं. महसुली नोंदीने मालकी ठरत नाही. मृत्युपत्र नसेल किंवा बँक मागत असेल तर उत्तराधिकार प्रमाणपत्र किंवा वारस प्रमाणपत्र दिवाणी न्यायालयातून काढावं लागतं. सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात हे काम करणारे वकील सहज भेटतात, मात्र फी आणि अंदाजे कालावधी आधी विचारून घ्या.

वारसा मिळाला म्हणून आपल्या देशात कर भरावा लागत नाही, इस्टेट ड्यूटी १९८५ मध्येच रद्द झाली. ती मिळकत पुढे विकाल तेव्हा भांडवली नफा निघतो आणि त्यासाठी मूळ मालकाची खरेदीची किंमत धरतात. म्हणून आजोबांचं खरेदीखत जपून ठेवा.

राहिलं कर्ज. वडिलांचं कर्ज वारसांना त्यांच्याकडून मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेतच फेडावं लागतं, स्वतःच्या कमाईतून नाही, जामीन राहिला असाल तर गोष्ट वेगळी. पण विकास सोसायटीचं पीककर्ज किंवा बागेसाठी काढलेलं बँकेचं कर्ज बोजा म्हणून सातबाऱ्यावर राहतं आणि जमिनीबरोबर नव्या नावाकडे येतं. कर्ज फिटल्यावर सोसायटीचा किंवा बँकेचा दाखला घ्या आणि बोजा कमी केल्याचा फेरफार त्याच हंगामात नोंदवून नवा सातबारा हातात घ्या.